‘सव्वीस-दीड’ म्हणजे काय? : वसई भागातील पावसाळी सायकल-प्रवास आणि टायरची निवड

१. विषय व त्याची मर्यादा

ज्या देशांत वर्षातील चार-पाच महिने रस्त्यांवर बर्फ असतो, तेथे ‘हिवाळी टायर’ ही सायकलस्वाराच्या परिचयाची एक स्वतंत्र वस्तू आहे. फिनलंडमधील ओउलू या शहरात भर हिवाळ्यातही पुष्कळ लोक नित्याप्रमाणे सायकलीवरून कामास जातात. गोठलेल्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून अशा टायरांत टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण द्रव्याचे बारीक खिळे बसविलेले असतात, आणि थंडीत ताठरणार नाही अशा बेताचे रबर त्यांसाठी वापरले जाते. वसई-विरार भागातील वाचकास या खिळ्यांचा काही उपयोग नाही. येथील हिवाळा हा सायकलीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत सुखाचा काळ होय. परंतु ऋतूचे नाव बाजूस ठेवून त्या टायरामागील मूळ प्रश्न पाहिला, तर तो आपलाही आहे असे दिसून येईल. वर्षाच्या ज्या काळात रस्त्याचा भरवसा राहत नाही, त्या काळात रोज कामावर जाणाऱ्याने चाकावर काय चढवावे, हा तो प्रश्न होय. आपल्याकडे हा काळ मृग नक्षत्रापासून हस्तापर्यंतचा.

या प्रश्नाची दोन अंगे आहेत. एक पदार्थविज्ञानाचे : ओल्या रस्त्यावर रबराची पकड कशावर अवलंबून असते? दुसरे नामव्यवहाराचे : दुकानात आपण जे नाव उच्चारतो, त्याने नेमका कोणता टायर निर्दिष्ट होतो? भाषाशास्त्राच्या अभ्यासकास दुसरे अंग अधिक जवळचे वाटेल हे खरे. परंतु केवळ त्यासाठीच ते येथे घेतलेले नाही. टायरची निवड ही आधी वाचनाची आणि मग खरेदीची क्रिया आहे, आणि वाचनात चूक झाली तर उत्तम रबर व उत्तम नक्षी ही दोन्ही व्यर्थ जातात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. प्रदेश आणि रस्ते

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात गेला. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस तुंगारचा डोंगर अशा चौकटीत हा सखल प्रदेश वसलेला आहे. मिठागरे व खाजणे यांच्यामुळे पाण्याचा निचरा मुळातच मंद. त्यात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला म्हणजे पाणी रस्त्यावरच थांबते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपारा येथे रुळांवर पाणी चढून रेल्वेची वाहतूक थांबली होती, हे येथील रहिवाशांच्या स्मरणात असेलच.

येथील दैनंदिन प्रवासाचा कणा म्हणजे रेल्वे. विरारहून मुंबईस जाणारी लोकलगाडी १८६७ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून ‘घर ते स्टेशन’ हे अंतर या भागातील प्रत्येक नोकरदाराच्या दिवसाचे पहिले व शेवटचे प्रकरण होऊन बसले आहे. पश्चिमेकडील अर्नाळा, आगाशी, निर्मळ, नंदाखाल, पापडी इत्यादी गावांतून स्टेशनाकडे येणारा, आणि पूर्वेकडे वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत पाळीवर जाणारा, असे सायकलस्वारांचे दोन प्रमुख वर्ग मानता येतील. पहिल्याची गाडी चुकते, दुसऱ्याचा खाडा भरतो. घसरून हात मोडला तर दोघांचीही मजुरी किंवा रजा जाते. सायकल ही येथे हौसेची बाब नसून उदरनिर्वाहाच्या साखळीतील एक कडी आहे, हे पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवावे.

या प्रवासात साधारणतः चार प्रकारची भूमी चाकाखाली येते : डांबरी रस्ता, काँक्रीट, ठोकळ्यांची फरसबंदी, आणि वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद मातीच्या वाटा. श्रावणापर्यंत सावलीतल्या काँक्रीटवर व फरसबंदीवर शेवाळ धरते. गटारांची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरील रंगाचे पट्टे ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात. डांबरी रस्ता सर्वांत अधिक फसवा असतो तो पहिल्या सरीत. कारण महिनोन्महिने साठलेली धूळ व तेलाचे ओघळ पाण्यात मिसळून त्यांचा एक पातळ लेप तयार होतो, आणि तो धुऊन जाण्यास बराच पाऊस पडावा लागतो.

३. ‘धाव’ आणि ‘टायर’

नामव्यवहाराकडे वळण्यापूर्वी खुद्द ‘टायर’ या शब्दाविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. बैलगाडीच्या चाकाचे अवयव मराठीत पूर्वापार नावांनिशी ज्ञात आहेत. मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि लाकडी घेरावर तापवून चढविलेली लोखंडी पट्टी ती ‘धाव’. इंग्रजीतील ‘टायर’ या शब्दाचा चाकासंबंधीचा जुना अर्थ नेमका हाच, म्हणजे चाकाच्या घेरावरील लोखंडी पट्टी, असा होता. ‘वेष, साज’ या अर्थाच्या शब्दापासून तो बहुधा निघाला असावा. पुढे १८४५ साली रॉबर्ट टॉमसन याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले, आणि १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे सायकलीसाठी प्रचारात आणली. वस्तू बदलली, परंतु इंग्रजीने जुनाच शब्द नव्या वस्तूस दिला. मराठीने मात्र अर्थविस्ताराचा हा मार्ग न पत्करता नव्या वस्तूबरोबर नवा शब्द स्वीकारला. परिणामी ‘धाव’ लोखंडाची राहिली आणि ‘टायर’ रबराचा झाला. दोन वस्तूंस दोन नावे मिळाल्यामुळे येथे संदिग्धतेस जागा उरली नाही. पण जी स्पष्टता वस्तूच्या नावात मराठीस लाभली, ती त्या वस्तूच्या मापात लाभली नाही.

४. ‘अठ्ठावीस’ व ‘सव्वीस’ : योगरूढ संज्ञा

सायकलीच्या दुकानात टायर मापाने मागितला जातो. जुन्या पद्धतीच्या काळ्या, दणकट सायकलीचा टायर म्हणजे ‘अठ्ठावीस-दीड’. टायरच्या बाजूवर तो २८ × १-१/२ असा उमटविलेला असतो. हे माप ब्रिटिश रोडस्टर सायकलीबरोबर आपल्याकडे आले, आणि मद्रासजवळील टी. आय. सायकल्स (१९४९), लुधियाना येथील हीरो सायकल्स (१९५६) यांसारखे कारखाने उभे राहिले तेव्हा ते देशभर रूढ होऊन गेले. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान मापे आली. तथापि सायकलीचे चाक आजही इंचांतच बोलते.

आता प्रश्न असा की, हे २८ इंच कशाचे? रिम मोजली तर ती २८ इंच भरत नाही. टायरची कड रिमवर जेथे घट्ट बसते, तेथील व्यास ६३५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २५ इंच असतो. त्यास आपण ‘बैठक-व्यास’ म्हणू. टायरची जाडी दोन्ही बाजूंस ४० मिलिमीटर धरली तर एकूण उंची ७१५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २८ इंच होते. याचा अर्थ असा की, मूळ नाव हे हवा भरलेल्या संपूर्ण चाकाच्या बाहेरील व्यासाचे होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘सव्वीस’चा गोंधळ उलगडतो. बाहेरील व्यास २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर राखावयाचा असेल तर तो निरनिराळ्या मार्गांनी राखता येतो. टायर ३५ मिलिमीटर जाडीचा असेल तर रिमेचा बैठक-व्यास ५९० लागेल. ३८ मिलिमीटरचा असेल तर ५८४. आणि दोन इंचांचा जाडजूड टायर असेल तर ५५९. तिन्ही चाके उभी करून मापली तर सारखी, तिन्हींचे नाव ‘सव्वीस’, परंतु एकीचा टायर दुसरीला होत नाही. पुढे त्याच रिमांवर कमीअधिक जाडीचे टायर चढू लागले, बाहेरील व्यास बदलला, तरी नाव तेच राहिले.

भारतीय शब्दमीमांसेतील परिभाषा येथे नेमकी लागू पडते. केवळ अवयवार्थाने बोध करून देणारा शब्द यौगिक, केवळ संकेताने बोध करून देणारा रूढ, आणि अवयवार्थ असूनही विशिष्ट अर्थापुरता मर्यादित झालेला तो योगरूढ. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले खरे, पण चिखलात जन्मलेल्या प्रत्येक वस्तूस कोणी पंकज म्हणत नाही. ‘सव्वीस’ हे चाकाचे नाव प्रथम यौगिक होते. आज ते योगरूढ, किंबहुना रूढच झाले आहे. ते माप नसून नाव आहे. नावावर गणित करू गेल्यास फसगत होणारच.

याच्या उलट प्रकारही आहे. एकाच बैठक-व्यासास अनेक नावे मिळालेली दिसतात. ६२२ मिलिमीटरच्या रिमेस फ्रेंच परंपरेत ‘७०० सी’ म्हणतात. त्याच रिमेवर रुंद टायर चढवून डोंगरवाटांसाठी केलेल्या सायकलीस ‘एकोणतीस’ म्हणतात. आणि काही टायरांवर तिचेच माप ‘२८ × १-५/८ × १-३/८’ असे आढळते. म्हणजे ‘अठ्ठावीस’ हा शब्द ६३५ व ६२२ या दोन भिन्न चाकांसाठी अनेकार्थी, तर ‘७०० सी’ व ‘एकोणतीस’ हे परस्परांचे पर्याय. कोशकाराला चांगल्या परिचयाची अशी ही स्थिती आहे.

५. ‘सव्वीस-दीड’ : दोन लेखनांचा एक उच्चार

आता लेखाच्या शीर्षकातील उदाहरण घेऊ. टायरच्या बाजूवर २६ × १-१/२ असे व्यवहारी अपूर्णांकात लिहिलेले असेल तर त्याचा बैठक-व्यास ५८४ मिलिमीटर असतो. २६ × १.५० असे दशांशात लिहिलेले असेल तर तो ५५९ असतो. गणिताच्या दृष्टीने एक-द्वितीयांश व पाच-दशांश एकच. टायरच्या नामव्यवस्थेत मात्र अपूर्णांक कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हेच भेदक लक्षण ठरले आहे.

इंग्रजीत हा भेद उच्चारातही टिकतो, कारण ‘एक आणि अर्धा’ व ‘एक पॉइंट पाच’ अशी दोन वेगळी वाचने तेथे सहज होतात. मराठीची गोष्ट निराळी. आपल्याकडे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे अपूर्णांकवाचक स्वतंत्र शब्द आहेत. जुन्या हिशेबांत दीड १॥ असा लिहीत. ही भाषेची मोठी सोय आहे. पण याच सोयीमुळे दोन्ही लेखने बोलताना ‘सव्वीस-दीड’ या एकाच उच्चारात विलीन होतात. वसई-नालासोपाऱ्याच्या दुकानांतून मराठीइतकीच हिंदीही चालते. परंतु ‘छब्बीस-डेढ’ म्हटल्यानेही भेद परत येत नाही, कारण हिंदीतही तोच गुण आहे. लेखनात जिवंत असलेला भेद वाणीत लोपावा, याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात देण्यास मिळणे कठीण.

याचा व्यवहारातील परिणाम असा. आडव्या दांड्याच्या, जाड टायरांच्या ‘डोंगरी’ घाटाच्या सायकली आता सर्वत्र दिसतात. त्यांचा बैठक-व्यास पुष्कळदा ५५९ असतो. अशा सायकलीच्या मालकास पावसाळ्यात डांबरी रस्त्यासाठी जरा बारीक टायर हवा असतो. तो ‘सव्वीस-दीड’ मागतो, आणि दुकानदाराने अपूर्णांकाचा अर्थ घेतला तर त्याच्या हाती ५८४ चा टायर पडतो. या दोहोंत पंचवीस मिलिमीटरचा फरक असल्याने टायर चढविताक्षणीच सैल दिसतो व चूक तेथेच उघड होते. एक फेरी फुकट जाते इतकेच.

खरा धोका दूरच्या नव्हे, तर जवळच्या मापांत आहे. २६ × १-३/८ चा बैठक-व्यास ५९०, तर २६ × १-१/२ चा ५८४. अंतर केवळ सहा मिलिमीटरांचे. ५९० चा टायर ५८४ च्या रिमेवर चढतो, किंबहुना अधिक सहज चढतो. हवा भरली तरी प्रथमदर्शनी ठीक भासतो. परंतु त्याची कड रिमेला घट्ट धरून बसत नाही, आणि वळणावर किंवा खड्ड्यात आदळताच ती रिमेबाहेर येऊन ट्यूब फुटू शकते. ध्वनिविचारात लघुतम युग्मातील एका घटकाची गफलत झाली तर वाक्याचा अर्थ बिघडतो. येथे त्या गफलतीने स्वार रस्त्यावर पडतो. सहजपणे चढणारा टायर चांगला, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

या गोंधळावर उपाय उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय मानक ५७७५ अनुसार टायरच्या बाजूवर दोन अंकांची एक जोडी उमटविलेली असते : आधी टायरची रुंदी, मग आडवी रेघ, मग बैठक-व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. काही प्रमुख नावे या भाषेत अशी मांडता येतील :

२८ × १-१/२ : ४०-६३५
२६ × १-३/८ : ३७-५९०
२६ × १-१/२ : ४०-५८४
२६ × १.५० : ४०-५५९
२६ × १.७५ : ४७-५५९
७०० × ३५ सी : ३७-६२२

या जोडीतील शेवटचे तीन अंक जुळलेच पाहिजेत. त्यांत तडजोड नाही. पहिले दोन अंक मात्र रिमेची रुंदी व मडगार्डखालील मोकळी जागा पाहून थोडे कमीअधिक करता येतात. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या टायरावरील ही जोडी कागदावर लिहून न्यावी, आणि बोलताना ‘चाळीस, पाचशे एकोणसाठ’ असे म्हणावे. जुन्या अठ्ठावीस-दीडच्या टायरावर पुष्कळदा केवळ इंचांचे माप असते; त्या एका नावाचा अर्थ मात्र आपल्याकडे स्थिर आहे.

६. हवा, रुंदी आणि ओला रस्ता

माप निश्चित झाले की मग गुणांचा विचार. चाक रस्त्यास किती जागेत टेकते याचा एक स्थूल हिशेब करून पाहू. स्वार ६५ किलो, रोडस्टर सायकल २० किलो, पिशवी व डबा ५ किलो, मिळून ९० किलो. यातील सुमारे साठ टक्के भार, म्हणजे ५४ किलो, मागील चाकावर येतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ३.५ किलो, म्हणजे लोक ज्यास ‘पन्नास पौंड’ म्हणतात तितका, असेल तर टेकणारी जागा सुमारे १५ चौरस सेंटिमीटर होते. काडेपेटीच्या रुंद बाजूएवढीही ती नाही. दाब ३ किलोवर आणला तर तीच १८ होते. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतील. तथापि तत्त्व हेच की, दाब कमी तर टेकण्याची जागा अधिक, आणि रस्त्याच्या खडबडीत कणांना रबर अधिक बिलगते. ओल्या रस्त्यावर हवा किंचित कमी ठेवावी असे सांगतात ते यामुळे.

परंतु हा सल्ला आपल्या रस्त्यांवर जसाच्या तसा लागू करता येत नाही. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली झाकलेला असतो. हवा कमी असताना चाक अशा खड्ड्यात आदळले की ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटली जाते, आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. यातून मार्ग रुंदीचा. रुंद टायर कमी दाबावरही रिमेस दगडापासून दूर ठेवतो. म्हणून सायकलीत जागा असेल तर पावसाळ्यासाठी अरुंद टायरापेक्षा रुंद टायर निवडणे श्रेयस्कर. मात्र टायर व मडगार्ड यांमध्ये चिखल निसटून जाण्याइतके अंतर राहिले पाहिजे. नाहीतर वाडीच्या वाटेवर चाक चिखलाने जाम होते. टायरच्या बाजूवर दाबाची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडू नये.

जुन्या सायकलींच्या ट्यूबला डनलॉप पद्धतीचा, आत बारीक रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह असतो. त्यावर दाब मापणे सोयीचे नसते. अशा वेळी स्वार बसल्यावर मागील टायरची बाजू थोडीशीच फुगावी, इतपत हवा ठेवावी हा व्यवहारी नियम पुरेसा आहे. ही रबरी नळी पावसाळ्यापूर्वी बदलून घेणे स्वस्त व शहाणपणाचे.

७. नक्षीविषयीचा भ्रम

टायर घेताना गिऱ्हाईक प्रथम नक्षी पाहते. खोल नक्षी पाणी बाहेर फेकते व म्हणून ओल्या रस्त्यावर उत्तम, अशी सार्वत्रिक समजूत आहे. मोटारीच्या बाबतीत ती योग्य आहे. वेगात असलेल्या मोटारीचे चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते, आणि खाचा त्या पाण्यास वाट देतात. सायकलीचे तसे नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गुळगुळीत टायर ज्या वेगास पाण्यावर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. दर चौरस इंचास जितके पौंड दाब, त्याच्या वर्गमुळास नऊने गुणले म्हणजे तो वेग नॉटमध्ये मिळतो. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ सहा, वेग ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. हे सूत्र विमानाच्या टायरांवरून निघाले आहे. सायकलीचा टायर तर अरुंद व गोलाकार असल्याने पाणी कापीतच जातो. पापडीहून स्टेशनाकडे ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्यास तरंगण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

ओल्या डांबरावर सायकल घसरते ती तरंगल्यामुळे नव्हे, तर रबर व रस्ता यांतील घर्षण पाण्याच्या पातळ थराने कमी झाल्यामुळे. तेथे उपयोगी पडते ते रस्त्यास टेकणारे सलग रबर. उंच, सुटे ठोकळे असलेला टायर डांबरावर कमी जागेत टेकतो व वळताना त्याचे ठोकळे वाकतात. हेच ठोकळे मऊ चिखलात रुतून पकड देतात. त्यांचे क्षेत्र ते. म्हणून ज्याचा मार्ग बहुतांशी डांबर व काँक्रीट यांचा, त्याने उथळ नक्षीचा टायर घ्यावा. ज्याला वाड्यांतील मातीच्या वाटेने रोज यावे लागते, त्याने मध्ये सलग पट्टा व दोन्ही कडांस ठोकळे असलेला टायर पाहावा. शेवाळलेली फरशी, लोखंडी झाकण व रंगाचा पट्टा यांवर मात्र कोणत्याही नक्षीचा इलाज चालत नाही. तेथे चाक सरळ ठेवणे आणि ब्रेक न दाबणे हाच उपाय.

८. रबर, काच आणि गंज

नक्षीपेक्षा रबराचा कस महत्त्वाचा. काजळीमुळे रबर काळे व टिकाऊ होते. सिलिका मिसळलेले रबर ओल्या रस्त्यावर अधिक चांगली पकड देते, आणि ते महागही असते. पण स्वस्त टायर ताजा असेल तर तो दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेल्या महाग टायरापेक्षा बरा. टायर हातात घेऊन किंचित वाकवावा; बाजूवर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो परत करावा.

पावसाळ्यात पंक्चर अधिक होतात हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्यास कारण आहे. पाणी हे काचेच्या धारेस वंगणाचे काम करते, त्यामुळे ओले रबर अधिक सहज कापले जाते. शिवाय वाहते पाणी कचरा रस्त्याच्या कडेस, म्हणजे सायकलस्वाराच्याच वाटेवर, आणून टाकते. नक्षीखाली संरक्षक पट्टा असलेला टायर यासाठी अधिक पैसे देण्याजोगा आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत पोलादी रिम आतून गंजते, आणि गंजाचे पापुद्रे ट्यूबला आतून टोचतात. नवा टायर चढविताना रिम आतून घासून घ्यावी व तिच्यावरची पट्टी नवी बसवावी. पोलादी रिम ओली असता ब्रेकची पकडही फार घटते. हा दोष टायरचा नव्हे, पण टायर बदलल्याने तो नाहीसा होईल अशी आशाही करू नये.

९. नवा टायर कोणत्या चाकास?

एकच टायर घेण्याइतके पैसे असतील तर तो कोठे चढवावा? मागील टायर लवकर झिजतो म्हणून नवा टायर मागे घालण्याची रीत सर्वत्र आहे. काटकसर म्हणून ती समजण्यासारखी असली तरी पावसाळ्यात ती उलटी ठरते. मागचे चाक घसरले तर पुष्कळदा पाय टेकून सावरता येते. पुढचे चाक घसरले तर सावरण्यास अवधीच मिळत नाही. सबब चांगला टायर नेहमी पुढे असावा. पुढील टायर काढून मागे घालावा, मागील झिजलेला टाकून द्यावा, आणि नवा पुढे चढवावा. खर्च तितकाच, हमालीत फक्त एका चाकाची भर.

१०. समारोप

वरील विवेचनाचा क्रम हाच निवडीचा क्रम होय. मृगापूर्वी जुन्या टायरावरील शेवटचे तीन अंक वाचून घ्यावेत; मग सायकलीत मावेल तितकी रुंदी ठरवावी; मग आपला मार्ग डांबरी की मातीचा हे पाहून नक्षी; मग रबराचा ताजेपणा; आणि अखेरीस नवा टायर पुढच्या चाकास. रस्ता पूर्ण पाण्याखाली गेला असेल तर यांतील एकही गोष्ट उपयोगाची नाही, कारण उघडे गटार टायरास दिसत नाही व स्वारासही दिसत नाही. त्या दिवशी सायकल हातात धरून परतावे हेच योग्य.

अभ्यासकांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवणे इष्ट वाटते. वस्तूचे माप जेव्हा तिचे नाव होते, तेव्हा ते मापाचे नियम सोडून नावाचे नियम पाळू लागते : त्यास अनेक अर्थ फुटतात, पर्याय जडतात, आणि एका भाषेत टिकलेला भेद दुसऱ्या भाषेत बुडतो. नळ, तारा, कापड, कागद यांच्या दुकानांतूनही अशी कितीतरी नावे रोज उच्चारली जात असतील. त्यांचा संग्रह करावयास कोणी निघालाच, तर त्याने ऐकलेल्या शब्दाबरोबर वस्तूवर उमटविलेला अंकही टिपून ठेवावा. दोहोंमधील अंतर दोन्ही नोंदी शेजारी असल्यावाचून मोजता येत नाही.